एका ‘नाही’वर उभा राहिलेला पक्ष: लिबर्टासचे प्रकरण

११ डिसेंबर २००८. युरोपीय संघातल्या २७ देशांचे प्रमुख दोन दिवसांच्या बैठकीसाठी ब्रुसेल्समध्ये जमले होते. त्यांच्यापुढचा एक अवघड विषय होता आयर्लंड. सहा महिन्यांपूर्वी आयरिश मतदारांनी संघाचा कारभार नव्याने आखणारा लिस्बन करार सार्वमतात फेटाळला होता आणि त्यांची समजूत कशी घालायची, हे ठरवायचे होते. बैठकीतून निर्णय निघाला तो असा: करार अमलात आला, तर युरोपीय आयोगावर, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळावर, प्रत्येक देशाचा एक आयुक्त कायम राहील. त्याच दिवशी, त्याच शहरात, आयर्लंडच्या गॉलवे परगण्यात राहणारे उद्योजक डेक्लन गॅन्ली यांनी ‘लिबर्टास’ या पक्षाची घोषणा केली. देशोदेशी एकाच नावाने आणि एकाच कार्यक्रमावर युरोपीय संसदेची निवडणूक लढवणारा पक्ष.

ज्या तक्रारींवर गॅन्लींनी मायदेशी कराराविरुद्ध मते मिळवली होती, त्यांतली सर्वांत ठसठशीत तक्रार, आयर्लंडचा आयुक्त जाण्याची, एका सभागृहात दूर होत होती, आणि त्याच मतांच्या भरवशावर दुसऱ्या सभागृहात पक्ष जन्माला येत होता. जून २००९ मध्ये मतमोजणी झाली तेव्हा ७३६ जागांच्या संसदेत लिबर्टासच्या वाट्याला एक जागा आली. तीही गॅन्लींची नव्हती.

हे प्रकरण नीट तपासावे असे मला वाटते, कारण लिबर्टासने विचारलेला प्रश्न खोटा नव्हता. ज्यांना आपण निवडून दिले नाही आणि पदावरून काढू शकत नाही, असे लोक आपल्यासाठी कायदे कसे करतात, हा प्रश्न युरोपातल्या कोणत्याही नागरिकाने विचारावा असाच होता. तो विचारणारा पक्ष सहा महिन्यांत का विरला, याचे उत्तर मात्र ब्रुसेल्समध्ये कमी आणि लिबर्टासच्या घडणीत जास्त सापडते.

एका शेतकऱ्याचा खटला

आधी आयर्लंडमध्येच सार्वमत का झाले, ते पाहावे लागेल. रेमंड क्रॉटी नावाचे एक अर्थतज्ज्ञ होते. किल्केनी परगण्यात त्यांनी बरीच वर्षे शेती केली होती. १९८६ च्या ‘एकल युरोपीय कायदा’ नावाच्या कराराला आयरिश सरकार परस्पर मान्यता देऊ पाहत होते. क्रॉटी न्यायालयात गेले. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: देशाच्या सार्वभौमत्वाला हात घालणारा करार असेल, तर राज्यघटनेत दुरुस्ती करावी लागेल. आणि आयरिश राज्यघटनेत दुरुस्ती करायची तर जनतेला विचारावेच लागते. तेव्हापासून युरोपचा प्रत्येक मोठा करार आयर्लंडमध्ये मतपेटीतून गेला. २००१ मध्ये तिथल्या मतदारांनी नीस करार फेटाळला आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या सार्वमतात स्वीकारला.

लिस्बन कराराला याहून कडवट पूर्वपीठिका होती. २००५ च्या २९ मे रोजी फ्रान्सने आणि १ जूनला नेदरलंड्सने युरोपची प्रस्तावित राज्यघटना सार्वमतात नाकारली. फ्रान्समध्ये जवळपास ५५ टक्के, नेदरलंड्समध्ये ६१ टक्क्यांहून जास्त मतदार विरोधात गेले. नेत्यांनी तो मसुदा बाजूला ठेवला, ‘राज्यघटना’ हा शब्द आणि काही प्रतीके काढली, आणि आशयाचा मोठा भाग जुन्या करारांतल्या दुरुस्त्यांच्या रूपात लिस्बन करारात आणला. डिसेंबर २००७ मध्ये त्यावर सह्या झाल्या. या वेळी फ्रान्सने आणि नेदरलंड्सने जनतेला विचारले नाही. २७ देशांपैकी एकट्या आयर्लंडला विचारावे लागले, ते क्रॉटींच्या खटल्यामुळे.

कराराचा मजकूर वाचायला घेतलेल्या माणसाच्या हाती काय लागायचे, हे सांगणे गरजेचे आहे. अमुक कलमातला तमुक परिच्छेद वगळावा, त्याजागी पुढील शब्द घालावेत, अशी पानेच्या पाने. मूळ करार शेजारी ठेवल्याशिवाय एका ओळीचा अर्थ लागत नाही. ‘होय’ म्हणा असे सांगत फिरणारे नवे पंतप्रधान ब्रायन कावन यांनी करार अथपासून इतिपर्यंत वाचला नसल्याचे कबूल केले. युरोपीय आयोगावर आयर्लंडचे आयुक्त असलेले चार्ली मॅक्रीव्ही त्याहून पुढे गेले. आपण तो पूर्ण वाचलेला नाही आणि शहाण्या माणसाने तो वाचावा अशी अपेक्षाही नाही, अशा अर्थाचे ते बोलले. मॅक्रीव्ही प्रामाणिकपणे बोलले असतील. पण ज्या मतदाराकडे मत मागायचे त्याला हे ऐकवल्यावर तो काय करणार? ‘कळत नसेल तर नाही म्हणा’ ही घोषणा त्या उन्हाळ्यात आयर्लंडमधल्या विजेच्या खांबांवर लटकत होती. ती चालली, कारण मतदाराच्या मनातली ती खरीच अवस्था होती.

गॅन्ली आणि त्यांचा प्रचार

डेक्लन गॅन्लींचा जन्म १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या वॉटफर्ड इथे, आयरिश आईवडिलांच्या पोटी झाला. किशोरवयात कुटुंब गॉलवे परगण्यातल्या ग्लेनामॅडी या छोट्या गावी परतले. सोव्हिएत संघ कोसळत असताना त्यांनी तिथे अॅल्युमिनियमचा व्यापार केला, पुढे लाकडाचा, बल्गेरियात केबल टेलिव्हिजनचा. पुढे रिवाडा नेटवर्क्स ही आपत्तीच्या वेळी संपर्कयंत्रणा पुरवणारी कंपनी उभी केली आणि तिला अमेरिकी सरकारी यंत्रणांची कामे मिळाली. देशात लोक त्यांना फारसे ओळखत नव्हते. कोणत्याही पक्षात ते वाढले नव्हते. बोलणे मात्र स्वच्छ, तयारीचे, टेलिव्हिजनच्या पडद्यावर ठसणारे होते.

त्यांची लिबर्टास संस्था आधी एक अभ्यासगट आणि दबावगट होती. तिच्या प्रचाराची मांडणी आटोपशीर होती. पहिला मुद्दा आयुक्ताचा. लिस्बन करारानुसार २०१४ पासून आयोगाचा आकार देशांच्या संख्येच्या दोनतृतीयांश होणार होता, म्हणजे दर १५ वर्षांतली ५ वर्षे आयर्लंडचा आयुक्त नसणार. दुसरा मुद्दा मतांच्या वजनाचा. सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेतल्या ३४५ मतांपैकी आयर्लंडकडे ७ होती, सुमारे २ टक्के. नव्या पद्धतीत ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या असा दुहेरी निकष येणार, आणि लोकसंख्येच्या हिशेबात आयर्लंड एका टक्क्याच्याही खाली जाणार. तिसरा मुद्दा कंपन्यांवरच्या १२.५ टक्के कराचा. कमी करामुळे परदेशी कंपन्या आयर्लंडमध्ये आल्या होत्या, आणि हा दर ठरवण्याचा हक्क हळूहळू ब्रुसेल्सकडे जाईल, ही भीती. पहिले दोन मुद्दे आकड्यांनी खरे होते. तिसरा ताणलेला होता, कारण करांबाबत प्रत्येक देशाचा नकाराधिकार करारातही शाबूत होता.

आयरिश संसदेच्या १६६ सदस्यांच्या कनिष्ठ सभागृहात शिन फेनचे ४ सदस्य आणि एखाददुसरा अपक्ष सोडला, तर जवळपास सगळे कराराच्या बाजूचे. तरीही १२ जून २००८ च्या मतदानात ८,६२,४१५ जणांनी ‘नाही’ म्हटले आणि ७,५२,४५१ जणांनी ‘होय’. टक्केवारी ५३.४ विरुद्ध ४६.६. गॅन्ली एका रात्रीत युरोपभर ओळखले जाऊ लागले. नोव्हेंबरमध्ये चेक प्रजासत्ताकाचे अध्यक्ष व्हात्स्लाव्ह क्लाउस आयर्लंडच्या राजकीय भेटीवर आले आणि गॅन्लींसोबत जेवले. क्लाउस स्वतः कराराचे विरोधक. यजमान सरकारची नाराजी लपली नाही, आणि गॅन्लींची उंची आणखी वाढली.

ती मते कोणाची होती?

सगळ्या प्रकरणाची कळ मला इथे दिसते. सार्वमतानंतर युरोपीय आयोगाने तातडीने एक पाहणी करून घेतली. ‘नाही’ म्हणणाऱ्यांतल्या २२ टक्के लोकांनी कारण दिले, कराराची पुरेशी माहिती नव्हती. १२ टक्क्यांनी आयरिश ओळख जपायची म्हणून सांगितले. आयुक्त आणि कर, लिबर्टासचे दोन बिनीचे मुद्दे, यांची नावे घेणारे एक आकडी टक्क्यांत होते. आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या दर पाचांतले चार जण आयर्लंडने युरोपीय संघात राहावे याच मताचे होते.

शिवाय ‘नाही’च्या छावणीत कोण कोण होते, ते पाहा. शिन फेन डाव्या राष्ट्रवादाने बोलत होता: कामगारांचे हक्क, देशाची तटस्थता. समाजवादी पक्षाचे जो हिगिन्स खाजगीकरणाविरुद्ध बोलत होते. ‘कोर’ ही कॅथलिक संघटना गर्भपाताची भीती घालत होती. आणि गॅन्ली कमी करांचा, मुक्त बाजाराचा आयर्लंड वाचवायला निघाले होते. हिगिन्स आणि गॅन्ली एका व्यासपीठावर अर्थसंकल्प मांडू शकले नसते. मतपत्रिकेवर मात्र त्या सगळ्यांचा शिक्का एकाच चौकटीत पडला. सार्वमताची रचनाच अशी असते की विरुद्ध कारणांची माणसे एक दिवस शेजारी उभी राहतात आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या घरी जातात.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरणाला ३४,०२१ मतांच्या फरकाने नकार मिळाला. त्यानंतर दोनच महिन्यांत विधानसभेची निवडणूक आली, आणि ती जिंकली विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने. भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले, आणि कौलात जिंकलेला युनायटेड गोवन्स पक्ष विरोधी बाकांवर बसला. त्याच मतदारांनी एका प्रश्नाला एक उत्तर दिले आणि राज्य कोणी चालवावे या प्रश्नाला दुसरे. कूळकायदा, शाळा, बहुजनांचे राजकारण हे विषय कौलाच्या चिठ्ठीवर नव्हतेच. गॅन्लींनी आणि त्यांच्या सल्लागारांनी हा भेद ओळखला नाही. साडेआठ लाखांहून जास्त मते त्यांनी आपल्या खात्यावर जमा धरली.

घराघरांतून गोळा केलेला पक्ष

युरोपीय संसदेची निवडणूक ‘युरोपीय’ म्हटली जाते, पण प्रत्यक्षात ती त्या वेळी २७ देशांत २७ वेगवेगळ्या नियमांनी होणारी निवडणूक होती. कुठे ५ टक्क्यांची किमान अट, कुठे काहीच अट नाही, कुठे देशभर एक यादी, कुठे विभागवार याद्या. सगळ्या युरोपासाठी एक यादी अशी सोयच नाही. त्यामुळे लिबर्टासला प्रत्येक देशात स्वतंत्र नोंदणी, स्वतंत्र उमेदवार, स्वतंत्र माणसे लागत होती, आणि हाताशी जेमतेम सहा महिने होते.

युरोपीय पातळीवरचा पक्ष म्हणून मान्यता आणि अनुदान मिळवायचे, तर निदान एकचतुर्थांश देशांत, म्हणजे ७ देशांत, लोकप्रतिनिधींचा पाठिंबा दाखवावा लागे. फेब्रुवारी २००९ च्या सुरुवातीला संसदेच्या कार्यालयीन मंडळाने लिबर्टासला मान्यता दिली. अनुदानाची रक्कम सुमारे २ लाख युरो होती. काही दिवसांतच एस्टोनियातल्या आणि बल्गेरियातल्या एकेका खासदाराने आपण पाठिंब्याची सही केलीच नसल्याचे सांगितले आणि मान्यता स्थगित झाली. पारदर्शकता आणि उत्तरदायित्व हे शब्द ज्या पक्षाच्या पहिल्या पानावर होते, त्याच्या पहिल्याच अर्जावर असे प्रश्नचिन्ह लागले. रक्कम लहान होती, पण या बातमीने झालेले नुकसान मोठे होते. आयर्लंडमध्ये तर सार्वमताच्या खर्चावरून आधीपासूनच प्रश्न होते. गॅन्लींनी स्वतः संस्थेला कर्ज दिले होते, आणि पैसा कुठून आला हे मंत्री जाहीरपणे विचारत होते. बाहेरचा पैसा घेतल्याचा आरोप गॅन्लींनी ठामपणे फेटाळला.

मग सोबती कोण मिळाले? वेळ कमी असला की तयार घरे शोधावी लागतात. फ्रान्समध्ये फिलिप द व्हिलिए मिळाले. वॉन्दे जिल्ह्याचे दोन दशकांचे सत्ताधारी, परंपरावादी, तुर्कस्तानला संघात घेण्याचे कट्टर विरोधक. त्यांच्याबरोबर शिकार, मासेमारी, निसर्ग आणि परंपरा असे नाव लावणारा ग्रामीण शिकाऱ्यांचा पक्ष आला. चेक प्रजासत्ताकात नोव्हा वाहिनीचे संस्थापक व्लादिमीर झेलेझनी. लॅटव्हियात माजी पंतप्रधान गुंतार्स क्रास्ट्स. पोलंडमध्ये कॅथलिक राष्ट्रवादी ‘पोलिश कुटुंब संघ’ या पडझड झालेल्या पक्षातली मंडळी. ब्रिटनमध्ये लष्कराचे माजी प्रवक्ते रॉबिन मॅथ्यूज. स्पेनमध्ये ‘सिउदादानोस’, बार्सिलोनात जन्मलेला, कॅटलन राष्ट्रवादाच्या विरोधातला आणि तोवर युरोपवादी म्हणवणारा तरुण पक्ष.

ही नावे शेजारी ठेवली की विसंगती आपोआप बोलू लागते. २००५ मध्ये राज्यघटनेच्या सार्वमताच्या वेळी फ्रान्समध्ये ‘पोलिश प्लंबर’ हा शब्दप्रयोग गाजला. पूर्वेकडून स्वस्त कामगार येऊन फ्रेंचांची कामे घेतील, ही भीती त्यात होती. तो शब्द प्रचारात आणणाऱ्यांत द व्हिलिए आघाडीवर होते. आता त्यांच्याच पक्षाच्या नावाने वॉर्सामध्ये पोलिश उमेदवार मते मागत होते. आणि पक्षाचा प्रमुख अशा देशातला होता, जिथे २००४ नंतर पोलिश कामगार मोठ्या संख्येने आले, बांधकामांवर राबले, स्थायिक झाले. पोलिश कामगाराने युरोपात कुठे काम करावे, या एका प्रश्नावर लिबर्टासची पॅरिस, वॉर्सा आणि डब्लिन इथली उत्तरे जुळली नसती.

सिउदादानोसची फरफट तर वाचतानाही त्रास देते. तरुण नेते अल्बर्ट रिव्हेरा यांनी ही युती केली आणि पक्षात भडका उडाला. कॅटलन विधिमंडळात पक्षाचे अवघे तीन सदस्य, त्यांतल्या रिव्हेरांखेरीज दोघांनीही पाठ फिरवली. कार्यकर्ते विचारत होते की आपण राष्ट्रवादाविरुद्ध लढायला पक्ष काढला, तर आपण या माणसांबरोबर काय करतो आहोत?

गॅन्लींचे स्वतःचे म्हणणे मात्र यांच्यापेक्षा वेगळे होते, हे न्यायाने सांगायला हवे. आपण युरोपविरोधी नाही, असे ते प्रत्येक मुलाखतीत सांगत. त्यांना संघ मोडायचा नव्हता. सामान्य माणसाला वाचता येईल असा साधारण २५ पानांचा मूळ करार असावा, तो सगळ्या देशांत मतदानाला टाकावा, आणि ब्रुसेल्समध्ये सत्ता चालवणाऱ्यांना जनतेने निवडावे, अशी त्यांची मागणी होती. डेन्मार्कचे येन्स-पीटर बोंडे, युरोपीय संसदेत जवळपास तीस वर्षे संघाच्या कारभारावर अभ्यासपूर्ण टीका करणारे, त्यांचे सल्लागार होते. ही मांडणी विचार करण्याजोगी होती आणि आजही आहे. पण २५ पानांच्या करारासाठी मत मागणारा नेता आणि तुर्कस्तानच्या भीतीवर मत मागणारा त्याचा फ्रेंच सोबती, यांच्यातला लिबर्टास कोणता, हे मतदाराने कसे ओळखायचे?

१ मे २००९ रोजी रोममध्ये पक्षाचे संमेलन झाले आणि तिथे लेख वालेसा बोलले. ग्दान्स्कच्या गोदीतून कम्युनिस्ट सत्तेला आव्हान देणारा, नोबेल मिळवलेला माणूस. पोलंडमध्ये खळबळ उडाली. वालेसांनी मानधन घेतल्याचे मान्य केले. आपण लिबर्टासचे सभासद झालेलो नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. संमेलनाला एका दिवसाची प्रसिद्धी मिळाली, पण गावोगावी दार ठोठावणारा कार्यकर्ता अशाने मिळत नाही.

जूनचे आकडे

४ ते ७ जून २००९ या काळात मतदान झाले. पोलंडमध्ये लिबर्टासला १.१४ टक्के. ज्या पोलिश कुटुंब संघातून ही माणसे आली, त्याने २००४ मध्ये १० जागा जिंकल्या होत्या. स्पेनमध्ये ०.१४ टक्के. ब्रिटनमध्ये अर्धा टक्का, तर तिथे संघातून थेट बाहेर पडा म्हणणाऱ्या युकिपला १६.५ टक्के आणि १३ जागा. चेक प्रजासत्ताकात एक टक्काही नाही. लॅटव्हियात ४ टक्क्यांच्या थोडे वर, पण तिथली अट ५ टक्क्यांची.

फ्रान्समध्ये ४.८ टक्के आणि एक जागा, पश्चिम विभागातून स्वतः द व्हिलिए यांची. हा विजय लिबर्टासचा म्हणणे अवघड आहे. द व्हिलिएंच्या पक्षाला २००४ मध्ये एकट्याच्या बळावर सहा टक्क्यांहून जास्त मते आणि तीन जागा मिळाल्या होत्या. म्हणजे शिकाऱ्यांचा पक्ष सोबत घेऊन आणि युरोपीय फलक लावून त्यांची मते घटली. जी जागा राहिली, ती वॉन्देच्या जुन्या घरच्या मतांची.

आणि आयर्लंड? पक्षाला देशभरात ५.४ टक्के प्रथम पसंतीची मते मिळाली. डब्लिनमध्ये कॅरोलिन सायमन्स आणि पूर्व मतदारसंघात रेमंड ओमॅली दोघेही पाच टक्क्यांच्या आत राहिले. गॅन्ली स्वतः वायव्य मतदारसंघातून उभे होते, तीन जागा, मतमोजणी मेयो परगण्यातल्या कॅसलबार इथे. त्यांना ६७,६३८ मते पडली, साडेतेरा टक्क्यांच्या वर. नव्या, जुन्या पक्षाचे बळ नसलेल्या माणसासाठी हा आकडा खरोखर मोठा होता. पण आयर्लंडमध्ये पसंतीक्रमाने मतदान होते, आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत होते तसे. तीन जागांसाठी कोटा, म्हणजे निवडून येण्यासाठी लागणारी मते, सव्वा लाखाच्या आसपास होता, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची मते मिळवल्याशिवाय गत्यंतर नव्हते. अशा पद्धतीत ज्याच्याबद्दल लोकांचे टोकाचे मत असते तो मागे पडतो. गॅन्लींना मत देणारे मनापासून देत होते, न देणारे त्यांना यादीत कुठेच बसवत नव्हते. मॅरियन हार्किन, पॅट ‘द कोप’ गॅलाहर आणि जिम हिगिन्स निवडून आले. तिघेही त्या भागात वर्षानुवर्षे वावरलेले. गॅन्लींनी मते पुन्हा तपासायला लावली, निकाल बदलला नाही. त्यांनी हार मान्य केली आणि राजकारणातून बाहेर पडत असल्याचे सांगितले.

बदललेला वारा

या पराभवाला बाहेरचेही एक मोठे कारण होते. २००८ च्या सप्टेंबरअखेर आयरिश सरकारने रातोरात देशातल्या बँकांच्या ठेवी आणि कर्जांना हमी दिली. जानेवारी २००९ मध्ये अँग्लो आयरिश बँक सरकारला ताब्यात घ्यावी लागली. बांधकामे थांबली, अर्धवट घरांच्या वसाहती तशाच राहिल्या, बेरोजगारीचे प्रमाण एका वर्षात दुपटीच्या आसपास गेले. ज्या माणसाने २००८ च्या जूनमध्ये सुबत्तेच्या खुर्चीत बसून ‘कळत नाही, म्हणून नाही’ म्हटले होते, तो २००९ मध्ये नोकरी शोधत होता. शेजारच्या आइसलंडची बँकव्यवस्था कोसळलेली त्याने पाहिली होती. युरो आणि युरोपीय मध्यवर्ती बँक यांचा आधार त्याला आता जवळचा वाटू लागला. पण सरकारवरचा त्याचा राग गेला नव्हता. जूनमध्ये त्याने फियाना फॉल या सत्ताधारी पक्षाला दणका दिला. तो राग दाखवायला त्याच्याकडे फिने गेल आणि लेबर हे विरोधी पक्ष होते, डब्लिनमध्ये खुद्द जो हिगिन्स होते, आणि ते निवडूनही आले. लिबर्टासला वाट उरली नाही.

तरी सगळा दोष मंदीवर टाकणे मला पटत नाही. त्याच निवडणुकीत युरोपवर नाराज असलेल्या पक्षांची चलती होती. युकिपप्रमाणे नेदरलंड्समध्ये गेर्ट विल्डर्स यांच्या पक्षाला १७ टक्के मिळाले. नाराज मतदार घराबाहेर पडत होता. त्याला आपल्या भाषेत बोलणारा, आपल्या गावातल्या प्रश्नावर चिडणारा माणूस हवा होता. युरोपच्या कारभारावर युरोपभर एका सुरात टीका करायला एक युरोपीय जनता असावी लागते, आणि अशी जनता नाही हे तर युरोपवर टीका करणारेच सांगत आले होते. गॅन्लींचा स्वतःचा विश्वास होता की ती जनता घडवता येईल. त्या अर्थी ते आपल्या सोबत्यांपेक्षा कितीतरी जास्त युरोपवादी होते, आणि त्यामुळेच एकटे.

दुःख याचे वाटते की त्यांच्या पराभवानंतर मधली जागा रिकामी झाली. संघात राहून, त्याचा कारभार मुळापासून सुधारा म्हणणारा आवाज क्षीण झाला. पुढच्या दशकात तक्रार करण्याचे काम तोडा आणि बाहेर पडा म्हणणाऱ्यांकडे गेले. द व्हिलिए युरोपीय संसदेत युकिपच्याच गटात जाऊन बसले. सिउदादानोसने २०१४ मध्ये स्वतःच्या नावाने निवडणूक लढवून दोन जागा मिळवल्या आणि ते उदारमतवादी गटात गेले.

नंतर

सप्टेंबर २००९ मध्ये, दुसऱ्या सार्वमताला काही आठवडे उरले असताना, गॅन्ली निर्णय बदलून प्रचारात परतले. २ ऑक्टोबरला मतदान झाले. ६७.१ टक्के मतदारांनी लिस्बन कराराला होकार दिला. १ डिसेंबर २००९ पासून करार अमलात आला. २०१२ मध्ये वित्तीय शिस्तीच्या करारावर सार्वमत झाले, तेव्हाही गॅन्ली ‘नाही’च्या बाजूने बोलले आणि तेव्हाही ‘होय’ जिंकले. लिबर्टास या नावाने त्यानंतर कोणी युरोपीय निवडणूक लढवली नाही.

आयुक्ताच्या प्रश्नाचे काय झाले, ते मात्र पाहण्यासारखे आहे. कराराच्या मजकुरात दोनतृतीयांशांची तरतूद अजून आहे. ती बदलण्याची मुभा नेत्यांना करारातच होती, आणि मे २०१३ मध्ये त्यांनी औपचारिक निर्णय घेतला की आयोगावर जितके देश तितकेच आयुक्त राहतील. २००८ च्या त्या डिसेंबरमध्ये आयर्लंडला दिलेला शब्द असा कागदावर आला. ब्रिटन बाहेर पडल्यानंतरही, २७ देशांच्या आयोगात २७ सदस्य बसतात, आणि त्यांतला एक आयरिश असतो.